मोडलेल्या संसाराची वाटणी : ब्राझीलच्या गाण्यातला शेवट

ब्राझीलच्या गाण्याचा विषय निघाला की हुरहुर त्या लोकांच्या रक्तातच आहे, असे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. घर सोडलेले पोर्तुगीज दर्यावर्दी, आफ्रिकेतून ओढून आणलेले गुलाम, अशी तिची वंशावळही मांडली जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. रक्ताचा गुण म्हटले की काळाबरोबर झालेला बदल दिसेनासा होतो, आणि इथे तर तो ठळक आहे. १९५०च्या दशकातली गाणी वियोगात रुतून बसतात. १९७०च्या दशकात देणेघेणे मिटवू पाहणारी गाणी येतात. याचे एक कारण कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९१६च्या नागरी संहितेने पतिपत्नींना विभक्त होण्याची मुभा दिली होती, पण विवाहबंधन तुटत नसे आणि पुनर्विवाह करता येत नसे. घटस्फोटाचा कायदा झाला तो डिसेंबर १९७७मध्ये, सेनेटर नेल्सन कार्नेरो यांच्या दीर्घ झगड्यानंतर आणि कॅथलिक चर्चचा विरोध ओलांडून.

आधीच्या काळातले सांबा-कान्साँव ऐकावे. या संथ, दुखऱ्या सांब्याचे मोठे रचनाकार लुपिसीनियो रॉद्रिगेस पोर्तो अलेग्रे शहरातल्या विधी महाविद्यालयात शिपाई होते. लिंडा बातिस्ता यांनी १९५१मध्ये गाजवलेल्या त्यांच्या ‘विंगान्सा’मध्ये, सोडून गेलेली बाई दारूच्या गुत्त्यात रडताना दिसली हे ऐकून नायक सुखावतो. पण सुखावण्यासाठीही त्याला तिचीच बातमी लागते. साओ पाउलोच्या धनाढ्य माताराझो घराण्याची सून असलेली गायिका मायझा पतीपासून विभक्त झाली, आणि १९५८च्या तिच्या ‘मेउ मुंदो काइउ’मध्ये कोसळलेल्या जगाचे वर्णन आले. त्याच वर्षी आलेल्या बोसा नोव्हा या नव्या शैलीने ही रड थांबवली, असे समीक्षक सांगतात. टॉम जोबिम आणि विनिसियस द मोराइस यांचे ‘शेगा जी साउदाजी’ मायनर स्वरश्रेणीत सुरू होऊन मेजरमध्ये उजळते, हे खरेच. जुआंव जिल्बेर्तो यांच्या हलक्या आवाजात तो उजेड फार सुंदर पसरतो. तरी शब्दांकडे लक्ष द्यावे. मेजरमधले सारे सुख ‘ती परतली तर’ या अटीवर टांगलेले आहे. मला यात शेवट दिसत नाही, जुनीच प्रतीक्षा अधिक प्रसन्न होऊन आलेली दिसते.

शेवट दिसतो तो फ्रान्सिस ईमे यांच्या चालीवरच्या ‘त्रोकांदो एं मिउदुस’मध्ये. शिको बुआर्की यांनी १९७८च्या आपल्या तबकडीत ते गायले. घर सोडणारा माणूस वस्तूंची वाटणी करतो: बोंफिमची पवित्र फीत तिला, पिशिंगिन्याची तबकडी त्याला, तिने नेऊन कधीही न वाचलेले नेरुदाचे पुस्तक परत हवे, लग्नाची अंगठी तिने गहाण टाकावी किंवा वितळवावी. ओळखपत्र तो सोबत नेतो. हुरहुरही नेतो, पण ती आता सामानातली एक बाब असते. मोडलेल्या संसाराची अशी यादी करायला तो संसार रीतसर मोडता येतो, ही कल्पना आधी समाजात रुजावी लागते.

यावर पहिला आक्षेप तारखांचा. बुआर्कींचेच ‘ओल्युस नुस ओल्युस’ १९७६चे, म्हणजे कायद्याआधीचे. त्यात सोडलेली स्त्री सावरली आहे, तिला नवे प्रेमही मिळाले आहे. मात्र कायदा एका रात्रीत झाला नाही. त्यावरचा वाद अनेक वर्षे चालू होता, आणि गाणे त्या वादाच्या हवेत लिहिले गेले. शिवाय मारिया बेतानियाच्या खोल आवाजातली ही स्त्री शेवटी घर त्याचेच असल्याचे सांगते, म्हणजे दार उघडेच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरिबांचे कितीतरी संसार नोंदणीविनाच चालत, तेव्हा मांगेराच्या टेकडीवरच्या कार्तोला या सांबाकाराला या कायद्याचे काय? हे मला मान्य आहे. त्यांच्या ‘आस रोझास नाँव फालांव’मधला माणूस ती परतणार नाही हे जाणून बागेत येतो; त्या समजुतीला न्यायालय लागत नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे. कायद्याने हुरहुर घडवली नाही. हिशेब मिटवण्याची भाषा मात्र त्याच्या आगेमागे गाण्यात आली.

तो कायदाही कंजूष होता. आधी तीन वर्षे न्यायालयीन विभक्तपणा हवा, आणि घटस्फोट आयुष्यात एकदाच. एकदाची अट १९८९मध्ये गेली, विभक्तपणाची २०१०मध्ये. त्यानंतर नावारूपाला आलेली गायिका मारीलिया मेंदोन्सा ‘इंफिएल’मध्ये दगाबाज नवऱ्याला हाकलते आणि मोटेलात राहायला सांगते. १९७६च्या नायिकेने त्याच्यासाठी राखलेले घर ही गायिका स्वतःकडे ठेवते.