विश्लेषण : भाषांतर अचूक, तरी गुण चुकीचे? मानसशास्त्रीय प्रश्नावलीची विश्वासार्हता कशी तपासतात?

आत्मसन्मान मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीतील एक वाक्य चिनी भाषेत गेले आणि अडखळले. भाषांतर शब्दशः बरोबर होते. तरीही स्वतःबद्दल चांगले मत असलेल्यांचे गुण त्या वाक्यामुळे कमी होत होते.

प्रश्नावली कोणती?
अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी ती १९६५ मध्ये मांडली. त्यांचा अभ्यास न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांवर होता. एकूण १० वाक्ये, पाच अनुकूल आणि पाच प्रतिकूल. प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे चार पर्याय. प्रतिकूल वाक्यांचे गुण उलटे मोजतात.

आठव्या वाक्यात काय बिघडले?
सहसा आठव्या क्रमांकावर येणारे हे वाक्य स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा, या इच्छेचे आहे. इंग्रजीत त्याला ‘हो’ म्हणणे म्हणजे सध्या आदर कमी असल्याची कबुली. चिनी वाचकाला मात्र ती स्वतःला घडवण्याची चांगली इच्छा वाटते. तो आनंदाने ‘हो’ म्हणतो आणि गुण गमावतो. २००५ मध्ये ५३ देशांतील सुमारे १७ हजार जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही प्रतिकूल वाक्यांचा अर्थ सगळीकडे सारखा घेतला जात नसल्याचे दिसले.

मराठीत अडचण कुठे येऊ शकते?
अभिमानाच्या वाक्यात ‘गर्व’ शब्द आला, तर ‘गर्वाचे घर खाली’ ऐकत वाढलेला माणूस आधीच सावध होईल. ‘आदर’ आपण सहसा दुसऱ्याला देतो. स्वतःचा आदर करणे कानाला परके वाटते. आणि ‘मला काही जमत नाही’ या वाक्याशी ‘असहमत’ व्हायचे म्हणजे नकाराला नकार! घाईत उत्तर उलटे पडायला वेळ लागत नाही.

तपासणी कशी होते?
आधी मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेतात. मग शे-दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन ‘क्रॉनबाख अल्फा’ काढतात. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा आकडा वाक्ये एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ०.७० च्या वर गेला की तो सहसा चालतो. एखादे वाक्य काढल्यावर अल्फा वाढला, तर ते संशयित. काही आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा तेच विचारून उत्तरे टिकतात का, तेही पाहतात.

मात्र अल्फावर फार विसंबू नये. एकच वाक्य १० प्रकारे फिरवून विचारले, तरी तो छान वाढतो. वाचणाऱ्याला काय समजले, हे त्याला शेजारी बसवून विचारल्याशिवाय कळत नाही. नेमका हाच टप्पा घाईत गाळला जातो.

दोषी वाक्य काढून टाकले तर?
काही संशोधकांनी आठवे वाक्य वगळले. पण प्रत्येक वाक्याला १ ते ४ गुण धरल्यास कमाल गुण ४० वरून ३६ वर येतात. मग त्या बेरजेची दुसऱ्या देशाच्या सरासरीशी थेट तुलना करता येत नाही.