कसोटीस उतरणे

सोनाराजवळ एक काळा, गुळगुळीत दगड असतो. त्यास कसोटी म्हणतात. दागिना त्यावर घासला की सोनेरी रेघ उमटते. शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ तिच्याशेजारी ओढून सोनार दोन्ही रेघा ताडून पाहतो. मग तो त्यांवर आम्लाचा थेंब सोडतो. हिणकस धातू विरघळून जातो. खरे सोने टिकते. सोन्याच्या अशा शुद्धतेस ‘कस’ म्हणतात.

यावरूनच ‘कसोटीस उतरणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. येथे उतरणे म्हणजे खाली येणे नव्हे, तर खरे ठरणे होय. ज्याच्याकडून जी अपेक्षा केली ती त्याने पुरी केली, तर तो कसोटीस उतरला असे म्हणतात. ‘कसास लावणे’ हे पारखणाऱ्याचे काम. ‘कसोटीस उतरणे’ हे ज्याची पारख होते त्याचे.

इंग्रजीत याच अर्थाने ‘अप टू स्क्रॅच’ असे म्हणतात. ‘स्क्रॅच’ म्हणजे ओरखडा किंवा रेघ. पूर्वी इंग्लंडात मुष्टियुद्धाच्या रिंगणात मधोमध एक रेघ ओढीत. खाली पडलेल्या योद्ध्याने ठरलेल्या वेळात उठून त्या रेघेपाशी यावे, असा नियम होता. जो येऊ शकत नसे, तो हरला असे मानीत.

माणसाची कसोटी कशी लागते, हे मराठवाड्याच्या इतिहासात दिसून येते. नांदेड जिल्ह्यात भोकरच्या शेजारी उमरी हे गाव आहे. १९४८ साली हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मुक्तिलढा चालू होता. लढ्यास पैसा हवा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर छापा घालून २० लाखांहून अधिक रुपये हस्तगत केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. तरीही तिचा हिशेब चोख ठेवण्यात आला आणि संस्थान मुक्त झाल्यावर तो शासनापुढे मांडण्यात आला.

धैर्याची कसोटी छाप्याच्या दिवशी लागली. प्रामाणिकपणाची कसोटी त्यानंतर रोज लागत राहिली. ते सैनिक दोन्ही कसोट्यांस उतरले.

सोने स्वतःची थोरवी सांगत नाही. दगडावरची रेघच ती सांगते. माणसाचेही तसेच आहे. त्याचा कस त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्याच्या कृतीवरून ठरतो.