एक अख्खं मिनिट

खोकणारं मूल ओपीडीत आलं की मी आधी त्याच्या अंगाला हात लावत नाही. आईला बसवते, बाळाला तिच्या मांडीवर ठेवते आणि झबलं फक्त वर करायला सांगते. छाती आणि पोट दिसलं की पुरे. स्टेथोस्कोप तेव्हा खिशातच असतो. त्याची गार चकती टेकली की मूल किंचाळतं, आणि रडत्या मुलाचे श्वास मोजून काहीच कळत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर त्याचं होईपर्यंत थांबते. झोपलेलं असेल तर फारच छान.

मग घड्याळ लावून नजर पोटावर. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. असे पूर्ण साठ सेकंद मोजायचे. बाहेर रांग असली की पंधरा सेकंद मोजून चारनं गुणावंसं वाटतं, पण तान्ही बाळं एका लयीत श्वास घेत नाहीत. भराभर घेतात, मध्येच काही क्षण थांबतात, पुन्हा सुरू करतात. पंधरा सेकंदांत त्यातलं नेमकं काय सापडेल, सांगता येत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर मी पुन्हा मोजते. तरी तेवढाच आला तर बाळ थेट रुग्णालयात. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४०. खोकल्याबरोबर आकडा इथवर पोचला की न्यूमोनिया धरून चालायचं. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या पाण्या-पुवानं भरल्या की फुप्फुस ताठर होतं, एका श्वासात थोडीच हवा मावते, म्हणून मूल उथळ आणि भरभर श्वास घेऊ लागतं. छातीत आवाज यायच्या आधी, एक्स-रेवर डाग दिसायच्या आधी हा वेग दिसू शकतो.

आयांना भीती वाटते ती मात्र आवाजाची. “मॅडम, रातभर छाती घरघर करते जी.” बहुतेक वेळा ती घरघर चोंदलेल्या नाकाची असते. बाळ हसतं, दूध पितं, मोजलं तर श्वास पस्तीस. माझा जीव अडकतो तो मुकाट पडून राहिलेल्या बाळात. ते खोकतही नाही, नाकपुड्या तेवढ्या फुलतात, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच. घरातल्या आजीला हे बरोबर दिसतं. तिचं बोलणं मध्येच तोडू नये, असं मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते.

मोजण्यावर एवढा भरवसा आला त्यामागे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम आहे, आणि आपल्या गडचिरोलीतलंही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, हे काम चाललेल्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, बाकीच्या गावांत १७.५. मला या आकड्यांपेक्षाही त्या सुईणी मोठ्या वाटतात. शाळा न पाहिलेली बाई जे निदान करत होती, ते आज भरल्या दवाखान्यात वेळ नाही म्हणून राहून जातं, याचा मला मनापासून राग येतो.

मोजणीनं सगळं सुटत नाही. तापानंही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरवून पुन्हा मोजायचं. दम्याच्या किंवा बाळदम्यासारख्या आजाराच्या मुलालाही धाप लागते. तिथे मग स्टेथोस्कोप बाहेर काढायचा आणि श्वास सोडताना शिटी ऐकू येते का पाहायचं. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. ऑक्सिजन ९०च्या खाली असेल तर चर्चा नाही, भरतीच.

साध्या न्यूमोनियाला तोंडानं अमॉक्सिसिलिन पुरतं. साध्या सर्दी-खोकल्याला तेही नको. कफ सिरप तर मी लहानग्यांना देतच नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपनं मुलं दगावल्यावर दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत, अशी केंद्राची सूचनाच आली. वर्षावरच्या मुलाला मध चालतो, त्याआधी नाही.

घरी सोडताना आईच्या हातात चिठ्ठी देते, पण मोबाइलवर मिनिट लावून तिच्याकडून एकदा मोजूनही घेते. आकडा चुकला तरी चालेल, खड्डा पडताना कसा दिसतो ते तिला कळायला हवं. आणि बाळानं पिणं सोडलं, प्यालेलं सगळं उलटून पडू लागलं, झटका आला, हलवूनही नीट जागं होईना किंवा पोट उडायला लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोनला का होईना, १०८ला फोन लावायचा.