मुले घरात का बसतात?

"आमच्या वेळी आम्ही किती चालायचो, आणि ही आजची पोरं!" हे बोलणे भालकी-औरादपासून आळंदपर्यंत कोणत्याही ओट्यावर ऐकू येते. दोष मोबाईलला दिला जातो, नाहीतर आळसाला. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण पोराला "ऊठ, बाहेर जा" म्हटल्यावर त्याने जायचे कुठे, हे कोणी विचारीत नाही.

बारा ते सतरा हे हाडे भरण्याचे वय. आयुष्यभर पुरायची हाडांची मजबुती बहुतांशी विशीच्या आतच कमवावी लागते, आणि ती नुसत्या दुधाने येत नाही. धावणे, उड्या मारणे, अंगाला ताण देणेही लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतील शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. ११ ते १७ वयाची शंभरातली ८१ मुले एवढी हालचाल करीत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ होते, मुलींत ८५. भारतातील मुलग्यांचा आकडा त्या मानाने बरा, ७२ निघाला. गल्लोगल्ली चालणारे क्रिकेट हे त्याचे एक कारण असावे, असे अभ्यासकांनी म्हटले. खेळ दाराशी असला की पोर आपोआप उंबरा ओलांडते.

आता आपल्या दाराशी काय उरले ते पाहा. पूर्वी सुगी संपली की सारवलेले खळे मोकळे पडे आणि तिथेच हुतुतू रंगे. मळणीयंत्र आले, रास रानातच होऊ लागली, आणि खळ्याच्या जागी पत्र्याचे शेड किंवा ट्रॅक्टर उभा राहिला. गायरानाचे कोपरे अतिक्रमणात गेले. हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद रस्त्यावर वाहनांचा वेग असा, की पलीकडच्या शाळेत पोराला एकटे पाठवताना आईचा जीव धडधडतो.

शाळेची वाटही बदलली. २००६-०७ मध्ये कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्यास सुरुवात केली होती. कोरोनाच्या साथीत ते वाटप थांबले. जून २०२३ पासून मुलींना व स्त्रियांना सरकारी बस फुकट झाली. मुली पुढे शिकतात, हे चांगलेच झाले, त्याबद्दल कुरकुर करू नये. मात्र रोजची दोन कोस पायपीट सुटली, तिची भरपाई दुसरीकडे करावी लागेल.

मातीचाही यात हात आहे. बीदरच्या लाल जांभ्याच्या माळावर पाऊस थांबला की तासाभरात खेळता येते. आळंदकडच्या काळ्या रानात मात्र मृगापासून दसऱ्यापर्यंत चिखल पाय सोडीत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. मग पहाट आणि दिवेलागण एवढाच वेळ हाती राहतो. दिवेलागणीला गल्लीत दिवा नसेल, वाटेत टवाळ पोरे बसलेली असतील, तर मुलगी घरातच राहणार. तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप लागणारी, दुपारीच डोळे मिटणारी मुलगी आधी आरोग्य केंद्रात दाखवावी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नये, जेवणानंतर घ्यावी.

कोणी म्हणेल, शेतातले काम काय थोडे आहे? कामही व्यायामच आहे, खरे. पण सुगीचे चार आठवडे राबणे आणि पुढे तीन महिने बसून राहणे, याने ते रोजचे साठ मिनिटांचे गणित जमत नाही. ट्रॅक्टरवर बसून रानात जाणे तर मुळीच व्यायाम नव्हे. तुरीच्या फवारणीला मात्र मुलांना हाताशी घेऊ नका.

चेन्नईच्या एशियाड कॉलनीतील रहिवाशांनी मधुमेहाची माहिती कळल्यावर २००२ साली स्वतः पैसे जमवून बाग उभी केली. आधी आठवड्यातून तीनहून अधिक वेळा व्यायाम करणारे तिथे शंभरात १४ होते. काही वर्षांनी ते ५९ च्या घरात गेले. ती बहुतेक मोठी माणसे होती आणि वस्ती शहरी होती, पण जागा मिळाली तेव्हा माणसे चालू लागली एवढे त्यातून दिसते.

आपल्याला बागेची गरज नाही. मुली व लहान गटाचे कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते, म्हणजे एका गुंठ्यात बसते. कडेची मोकळी जागा धरून दोन गुंठे पुरे. खो-खोला साडेचार-पाच गुंठे लागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेला मैदान असलेच पाहिजे. ते असूनही शाळा सुटताच फाटकाला कुलूप लागत असेल, तर एसडीएमसीच्या बैठकीत किल्ली कोणाकडे राहील हे ठरवून घ्या. मैदान नसेल तर गावच्या सरकारी जमिनीची पहाणी काढून ग्रामसभेत जागा मागा, आणि मुलींसाठी वेगळी वेळ व एक दिवा त्याच ठरावात लिहून घ्या. बायका बसतील असा एखादा कट्टा शेजारी असला, तर मुलींना बाहेर पाठवायला घरचे कचरत नाहीत.

काळ्या मातीवर मैदान करायचे असेल तर मे महिन्यातच वरचा थर काढून वीतभर मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा, आणि मध्यभाग किंचित उंच ठेवून कडेने चर काढा. दगडगोटे आणि ज्वारीची धसकटे आधी वेचून घ्यावीत. अनवाणी पायात घुसलेले धसकट आठ-आठ दिवस सलते. कडेला लिंब लावायचा तो पश्चिमेला लावा, संध्याकाळची सावली मैदानावर पडेल.