वजनाचा काटा आणि इन्सुलिनची सुई

1922 सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूझ यांची कन्या एलिझाबेथ उपचारासाठी कॅनडातील टोरोंटो येथे डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा पंधराव्या वाढदिवसाला अवघे काही दिवस उरलेल्या त्या मुलीचे वजन सुमारे 20 किलो भरले. त्यापूर्वीची तीन वर्षे तिने डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या पथ्यावर काढली होती. शरीरात साखर वापरण्याचे साधनच उरले नाही तर अन्नच तोडावे आणि मृत्यूला जितके दिवस दाराबाहेर थोपवता येईल तितके थोपवावे, एवढाच त्या पथ्याचा आशय होता. आणि त्या काळी याहून अधिक काही कोणाही वैद्याच्या हाती नव्हते. बँटिंग यांनी इन्सुलिनची टोचणी सुरू करताच तिला पोटभर जेवण्याची मुभा मिळाली, काही आठवड्यांतच तिच्या हाडांवर मांस दिसू लागले, आणि ही मुलगी पुढे संसार करून, मुलेबाळे वाढवून 1981 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी निवर्तली. इन्सुलिनच्या यशाचा शास्त्रीय पुरावा रक्तातील आणि लघवीतील साखरेच्या आकड्यांत होता हे खरे. परंतु आईबापांच्या डोळ्यांना पटला तो पुरावा वजनाच्या काट्यावरचा होता.

शंभर वर्षांनंतर तोच काटा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने ग्रस्त असलेल्या असंख्य तरुणतरुणींच्या मनस्तापाचे कारण झालेला आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा मधुमेह म्हणजे कृश मुलांचा रोग, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद सांगितले: एक सहज, म्हणजे जन्मजात, ज्याचा रोगी कृश, रूक्ष आणि सदा तहानलेला, दुसरा अपथ्यनिमित्त, ज्याचा रोगी स्थूल, बहुभक्षी आणि शय्यासक्त. इतक्या प्राचीन काळी केलेले हे निरीक्षण पाहून आजही आदर वाटतो. मात्र त्या काळच्या कृश रोग्याजवळ इन्सुलिन नव्हते. ते मिळाल्यावर तो कृश राहण्याचे कारण उरत नाही, आणि कित्येकदा त्याचे वजन हवे त्याहून पुढे जाते. असे का होते, हे नीट समजावून घेतले नाही तर दोष एक तर रुग्णाच्या जिभेवर येतो, नाही तर इन्सुलिनवर. आणि हे दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत.

माझी भाची अकरा वर्षांची असताना दीड महिन्यात सात किलोंनी उतरली होती. मुलगी उंच होते आहे, अंगलट बदलते आहे, असे घरातले सगळेच म्हणत होते. ती रात्री चार चार वेळा उठून पाणी पीत होती, याकडे प्रथम लक्ष गेले ते तिच्या आजीचे. या रोगात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन नाही म्हणून रक्तातील ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीत शिरत नाही. रक्तातले त्याचे प्रमाण डेसिलिटरमागे सुमारे 180 मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले की मूत्रपिंडांना ते परत ओढून घेणे जमत नाही आणि साखर लघवीवाटे वाहून जाऊ लागते. दिवसाला 100 ग्रॅम ग्लुकोज असे गेले तर सुमारे 400 उष्मांक गेले. म्हणजे ताटातल्या तीन-चार पोळ्या खाऊनही अंगी लागल्या नाहीत. त्यातच इन्सुलिनचा अंमल उठल्यामुळे चरबी वितळते, स्नायू झिजतात, आणि पोटभर जेवणारे मूल डोळ्यांदेखत वाळत जाते.

इन्सुलिन सुरू झाले की ही गळती थांबते. गेलेले वजन परत येते, आणि ते आलेच पाहिजे. अडचण त्यापुढची आहे. गळती चालू असताना लागलेली भूक आणि जेवणाचे माप एकदम कमी होत नाही. तेवढेच अन्न आता पूर्णांशाने जमेस धरले जाते. इन्सुलिनचे काम केवळ साखर उतरवण्याचे नाही, चरबीचा साठा करणे आणि साठलेली चरबी बाहेर पडू न देणे हाही त्याच्या कारभाराचाच भाग आहे. 1983 ते 1993 या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे 1441 रुग्णांवर झालेल्या सुप्रसिद्ध डीसीसीटी चाचणीने याचा स्पष्ट दाखला दिला. ज्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली होती, त्यांच्यापैकी आरंभी नेत्रपटल निरोगी असलेल्यांत तेथे विकार उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. परंतु रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, आणि पाच वर्षांअखेर या गटाचे वजन सरासरीने दुसऱ्या गटाहून 4.6 किलोंनी अधिक वाढलेले आढळले.

या शेवटच्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध फार निकटचा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. साखर 70 च्या खाली गेली की हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, छाती धडधडते आणि अशी भूक लागते की तिला भूक म्हणणेही अपुरे आहे. मेंदूला ग्लुकोज हवे असते आणि तो सर्व शरीराकडे त्याचा तगादा लावतो. अशा वेळी उपाय म्हणून साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पुरते, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे. पण ती रक्तात चढायला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती पंधरा मिनिटे थांबणे हे माणसाच्या स्वभावाला जवळजवळ अशक्य असते. माझी भाची सांगते, ‘मामा, त्या वेळी फ्रीजचं दार उघडं असतं आणि मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलेली असते, काय खाल्लं ते सकाळी डबे बघून कळतं.’ साखरपाणी, त्यावर केळे, त्यावर दोन बेसनाचे लाडू, असे होता होता चार-पाचशे उष्मांक पोटात जातात. सकाळी मीटर 260 दाखवतो. मग ते उतरवण्यासाठी जादा इन्सुलिन, आणि दुपारी पुन्हा तोच कंप. आठवड्यात असे तीन प्रसंग आले तर वर्षाअखेर किती किलो वाढतील, याचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. यात जिभेचे चोचले कोठेच नाहीत. हे जीव वाचवण्यासाठी खाल्लेले अन्न आहे.

म्हणून पहिल्या प्रकारच्या मधुमेहात वजन उतरवण्याची सुरुवात ताटापासून करू नये, इन्सुलिनच्या मात्रेपासून करावी. ज्या रुग्णाला इन्सुलिनला पुरे पडावे म्हणून खावे लागते, त्याची मात्रा चुकलेली आहे. ती डॉक्टरांना दाखवून उतरवून घेतली की न मागितलेले खाणे आपोआप बंद होते. रात्रीची दीर्घकाळ चालणारी मात्रा जास्त आहे का, जेवणाआधीची मात्रा त्या जेवणातील पिष्टमय पदार्थांच्या वजनाशी जुळते का, भाताची वाटी रोज तीच आणि तेवढीच भरली जाते का, हे सर्व तपासावे लागते. त्याखेरीज काही अगदी साध्या गोष्टी असतात. पोटावर त्याच त्या जागी वर्षानुवर्षे सुई टोचल्याने कातडीखाली चरबीच्या गाठी धरतात आणि तेथून इन्सुलिन कधी सावकाश, तर कधी एकदम रक्तात उतरते. आपल्याकडे 40 युनिटांची आणि 100 युनिटांची अशा दोन्ही शक्तींची इन्सुलिने मिळतात. लाल टोपणाची सिरिंज पहिलीसाठी आणि केशरी टोपणाची दुसरीसाठी. 100 शक्तीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरले तर अडीचपट औषध अंगात जाते. अशी चूक प्राणावर बेतू शकते, म्हणून टोपणाचा रंग दर वेळी पाहूनच सुई भरावी.

तथापि मात्रा कितीही बिनचूक असली तरी टोचलेले इन्सुलिन हे स्वादुपिंडाच्या इन्सुलिनची तंतोतंत नक्कल नव्हे. निरोगी शरीरात इन्सुलिन प्रथम यकृतात पोचते, त्यातील सुमारे निम्मे तेथेच खर्ची पडते आणि उरलेले शरीरभर जाते. कातडीखाली टोचलेले इन्सुलिन मात्र सर्वत्र सारखेच पसरते, त्यामुळे यकृताला पुरेसे मिळावे तर स्नायू आणि चरबी यांच्या वाट्याला गरजेपेक्षा अधिक येते. शिवाय ज्या पेशी इन्सुलिन करीत होत्या, त्याच पेशी ॲमिलिन नावाचे दुसरे एक संप्रेरक स्रवत असत. जठरातून अन्न सावकाश पुढे सोडणे आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला देणे हे त्याचे काम. पेशी गेल्या, तसे तेही गेले. तृप्तीची एक खूणच या रुग्णाच्या शरीरातून नाहीशी झालेली असते, ही गोष्ट घरच्यांनी त्याला हिणवण्यापूर्वी आठवावी.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक निराळी गोष्ट आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. दिसायला सडपातळ भारतीय आतून मेदयुक्त असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक 23 झाला की वजन जास्त मानतात, पाश्चात्त्यांसारखे 25 ची वाट पाहत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात पोटाभोवती मेद साचला की इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण होतो, मग मात्रा वाढते, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे गुणधर्म पहिल्यावर चढतात. वैद्यकात यास दुहेरी मधुमेह असे नाव पडले आहे.

येथे एका भयंकर वाटेचा उल्लेख करणे मला भाग आहे. इन्सुलिन गाळले की वजन उतरते, हे काही तरुण रुग्णांना, विशेषतः मुलींना, अनुभवाने कळते, आणि लग्नसराईत कोणी अंगावरून बोलले, कोणी जुना फोटो काढून दाखवला, की ती वाट मोह घालू लागते. असे उतरलेले वजन म्हणजे एलिझाबेथ ह्यूझचे 1922 सालचे वजन. त्यात चरबीबरोबर स्नायू जातात, रक्तात आम्लद्रव्ये साचतात, एखाद्या दिवसातच उलट्या, धाप आणि ग्लानी सुरू होऊन रुग्णालयात धाव घ्यावी लागते; आणि हेच वारंवार घडत राहिले तर डोळे आणि मूत्रपिंडे अकाली जातात. घरात असा संशय आला तर मुलीला रागावू नये. तिच्या मधुमेहतज्ज्ञाला आणि मनोविकारतज्ज्ञाला एकत्र भेटावे, कारण हा हट्ट नव्हे, आजार आहे. लघवीवाटे साखर घालवणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दलही सावधगिरी हवी. या रुग्णांसाठी त्यांतल्या एका गोळीला 2019 साली युरोपात मर्यादित परवानगी मिळाली होती आणि 2021 साली ती मागे घेण्यात आली; साखरेचा आकडा जवळजवळ ठीक दिसत असतानाच रक्त आम्लयुक्त होण्याचा त्यांत धोका असतो.

व्यायामाचे शास्त्र या रोगात स्वतंत्रच आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो, त्यामुळे तासभर चालल्याने साखर झपाट्याने उतरते, आणि संध्याकाळचा व्यायाम मध्यरात्रीनंतरही तिला खाली खेचू शकतो. उलट थोडा वेळ जोरात धावले किंवा जड वजने उचलली तर ॲड्रेनलिनमुळे ती वरही चढते. चालायला निघण्यापूर्वी आणि चालून आल्यावर बिस्किटे खाऊन साखर सावरणारा मनुष्य जितके जाळतो तितकेच पुन्हा भरतो. जेवणानंतर चालायचे असेल तर त्या जेवणाची मात्राच डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे आणि आधी थोडा ताकदीचा व्यायाम करून मग चालणे, हे अधिक श्रेयस्कर. भाचीने हे शिकायला एक वर्ष घेतले. तिच्या वहीत तारीख, जेवण, युनिटे आणि चाललेले अंतर यांची रोजकीर्द आहे, आणि त्या वर्षात तिचे वजन साडेचार किलोंनी उतरले. उपवास तिने एकही केला नाही.

मागच्या दिवाळीत मी बहिणीकडे मुक्कामाला होतो. पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा लागला म्हणून उठून गेलो, तर भाची ओट्याला टेकून उभी होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि मीटरवर 58. तिने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घेतली आणि पेला खाली ठेवला. फराळाचे डबे हातभर अंतरावर होते. बहिणीने चकलीच्या डब्याचे झाकण अर्धे उघडले, मुलीकडे पाहिले, आणि पुन्हा बंद केले. कोणी काही बोलत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा ऐकू येत होता. साडेतीनला पाच मिनिटे असताना तिने दुसऱ्या बोटाला टोचले, पट्टीवर थेंब ठेवला, आणि मीटर माझ्याकडे वळवला. 91 होते. ‘आता झोपते,’ ती म्हणाली, आणि जाता जाता वहीत आकडा लिहून गेली.