अडीच वर्षं मैदानात नाही, तरी ऑनलाइन मतदानात पहिला! जपानी खेळाडूसोबत नेमकं काय घडलं?

आपल्या मोबाईलवर 'या स्पर्धकाला मत द्या' अशा लिंक सारख्या येत असतात. मतांचा आकडा लाखात दिसला की वाटतं, माणूस फारच लोकप्रिय दिसतोय. पण आकडा आणि लोकप्रियता यात किती अंतर असू शकतं, हे जपानमध्ये 2003 साली सगळ्यांनी पाहिलं.

खेळाडूचं नाव केन्जिरो कावासाकी. खेळ बेसबॉल. आपल्याकडे क्रिकेटचं जसं वेड, तसं तिकडे बेसबॉलचं. कावासाकी हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. एकेकाळी तो खरोखर मोठा होता. याकुल्ट संघाकडून खेळताना 1998 मध्ये त्याला पिचरसाठीचा मानाचा सावामुरा पुरस्कार मिळाला होता. 2001 च्या हंगामासाठी नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स संघाने त्याला घेतलं आणि तिथेच खांद्याच्या दुखण्याने घात केला. 2001 गेलं, 2002 गेलं, मुख्य संघाकडून एकही सामना नाही.

जपानमध्ये दरवर्षी ऑल-स्टार सामना होतो. त्यातले बरेच खेळाडू प्रेक्षकांच्या मतांवर ठरतात. मत इंटरनेटवरूनही देता यायचं. टू-चॅनेल नावाच्या वेबसाइटवर नाव न सांगता काहीही लिहिता येत होतं. तिथल्या मंडळींनी ठरवलं, मत द्यायचं तर कावासाकीलाच! खेळत नाही, पगार मात्र घेतो, म्हणून ही टर उडवली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बघता बघता आकडा 9 लाखांच्या पुढे गेला आणि सेंट्रल लीगच्या पिचरमध्ये तो पहिला आला.

ही मंडळी यात नवखी नव्हती. 2001 च्या शेवटी अमेरिकेच्या 'टाइम' मासिकाने 'वर्षातील व्यक्ती'साठी ऑनलाइन कौल घेतला, तेव्हा त्यांनी बदनाम झालेल्या एका जपानी टीव्ही कलाकाराला काही काळ पहिल्या नंबरवर नेऊन ठेवलं होतं. त्यासाठी आपोआप मतं टाकत राहणारे छोटे प्रोग्राम लिहिले गेले. यातच खरी मेख आहे. गावच्या निवडणुकीत बोटाला शाई लागते. ऑनलाइन कौलात बऱ्याचदा अशी शाईच नसते. एकच माणूस शंभर मतं टाकतो आणि आकड्यात ती शंभर माणसं दिसतात.

मतं टाकणाऱ्यांना गंमत वाटली, पण ज्याचा खांदाच उचलत नाही त्याला काय वाटलं असेल? शिवाय त्या जागेसाठी हंगामभर घाम गाळणारे पिचर होतेच. कावासाकीने निवड नाकारली. त्यानंतर नियम बदलले. हंगामात ठरावीक खेळ झालेला नसेल, तर मतं कितीही पडोत, निवड नाही.

पुढच्या वर्षी चुनिचीला हिरोमित्सु ओचिआई हे नवे प्रशिक्षक मिळाले. 2 एप्रिल 2004 रोजी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी हिरोशिमाविरुद्ध चेंडू कावासाकीच्या हातात दिला. सगळे चाट पडले. दुसऱ्याच डावात 5 धावा गेल्या आणि त्याला बाहेर यावं लागलं. पण चुनिचीने ती पिछाडी भरून काढून सामना 8-6 असा जिंकला आणि त्या वर्षी सेंट्रल लीगही जिंकली. हंगाम संपताना कावासाकी निवृत्त झाला.