फ्रेंचची पायवाट – 9 : चार विसा नि बारा

घड्याळ आणि तारखा आज घेणार होतो, त्या पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गेल्या वेळच्या साठनंतरच्या आकड्यांनी बऱ्याच घरांत गोंधळ उडवलेला दिसतो. खांदा कॉलनीतल्या एका वाचक ताईंनी लिहिलंय, की अकरावीतली मुलगी साठपर्यंत घडाघडा म्हणते आणि सत्तरला रडकुंडीला येते. गुण मिळतील म्हणून फ्रेंच घेतलं, ते आकड्यांतच जातायत. ताई, हा घाट सगळ्यांनाच लागतो.

नेमकं कुठे अडतं ते फोन नंबर लिहून घेताना बघावं. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 1996 पासून नंबर दहा आकडी झाले आणि ते दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात. सांगणारा म्हणतो ‘स्वासाँत’, साठ. मुलं लगेच 6 लिहितात. मागोमाग ‘कँझ’ येतं, पंधरा. साठ नि पंधरा, म्हणजे पंच्याहत्तर. 6 खोडून 7 करेपर्यंत पुढची जोडी निघून जाते, आणि ती असते ‘कात्र-व्हँ-दूझ’. चार, वीस, बारा. वहीत 4, 20, 12 असं उतरतं. हवे असतात 92.

इतकी वर्षं शिकवताना एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. जी मुलं मनात इंग्रजीतून मोजतात, ती इथे जास्त अडखळतात. इंग्रजीत ‘सिक्स्टी’ ऐकलं की 6 बिनधास्त लिहावा. मराठीत तसं चालत नाही. ‘पंच्याहत्तर’मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नंतर. शब्द पुरता कानावर पडेपर्यंत पेन थांबवायचं, ही सवय मराठीतून मोजणाऱ्याला पहिली-दुसरीतच लागते. फ्रेंचला तीच सवय हवी.

याच अडचणीवरून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावर केवढं वादळ उठलं होतं! ‘पंचवीस’सोबत ‘वीस पाच’ असंही वाचावं, असं त्या पुस्तकात होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं : बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्यानं लहान मुलं गोंधळतात. त्यांची कळकळ मला पूर्ण पटते. नॉर्वेनं तर 1951 मध्ये असाच बदल देशभर केला. तरी आपले जुने आकडे जावेत असं मला वाटत नाही. त्यांनी कान तयार होतो.

आणि मराठीजवळ याहून जुनी एक किल्ली आहे. पनवेलच्या आसपासच्या गावांत शाळेची पायरी न चढलेली म्हातारी माणसं विसांवर मोजायची. वय विचारलं तर आजी सांगायची, ‘तीन विसा नि दहा.’ झाली की सत्तर! फ्रेंच माणूस साठाला विसांत मोडत नाही, पण पुढे तोही ‘साठ-दहा’च म्हणतो. ऐंशीला मात्र दोघं अगदी एका ओळीत येतात : ‘कात्र-व्हँ’ म्हणजे चार विसा. 92 म्हणजे चार विसा नि बारा. 99 म्हणजे चार विसा नि एकोणीस, फक्त तिथे एकोणीसही ‘दीझ-नफ’, दहा-नऊ असा येतो. मुलीला हे आजीच्या चालीवर म्हणायला लावा.

फ्रान्समध्येही ही मोजणी पूर्वी आणखी पसरलेली होती. 120 ला ‘सहा विसा’ म्हणत. पॅरिसमध्ये बास्तीयजवळ डोळ्यांचं एक प्रसिद्ध रुग्णालय आहे, त्याचं नाव ‘कँझ-व्हँ’, पंधरा विसा. तेराव्या शतकात राजा नवव्या लुईनं तीनशे अंधांसाठी ते आश्रयस्थान म्हणून उभारलं. तीनशेचा तो हिशेब आजही पाटीवर आहे.

‘स्वित्झर्लंडमध्ये सोपं आहे ना?’ असंही एकानं विचारलंय. आहे. तिथे आणि बेल्जियममध्ये सत्तरला ‘सेप्ताँत’, नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. ऐंशीला बेल्जियम ‘कात्र-व्हँ’वरच आहे, स्वित्झर्लंडच्या व्हो, व्हाले, फ्रिबूर भागांत ‘ह्युइताँत’ चालतं. पण आपली पाठ्यपुस्तकं फ्रान्सच्या वळणाची आहेत, तेव्हा परीक्षेत तेच लिहावं.

गुण जातात ती जागा वेगळीच. 71 मध्ये ‘ए’, म्हणजे ‘आणि’, येतो : ‘स्वासाँत-ए-ओंझ’. 81 आणि 91 मध्ये तो येत नाही. आणि नुसते ऐंशी लिहिताना शेवटी ‘एस’ हवा. पुढे आकडा जोडला की तो गळतो. उच्चारात काहीच कळत नाही, म्हणून हे हातानं लिहूनच पक्कं होतं.

घड्याळाआधी घरातल्या कुणाला तरी पाच जोड्यांचे नंबर वाचायला सांगा, सगळ्या जोड्या सत्तरच्या पुढच्या. जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन टेबलावर.